मनीचे दात आणि महिन्याचा हिशेब

गाईला आपल्याकडे वसुबारस आहे, बैलाला पोळा आहे, नागोबालाही श्रावणात दूध-लाह्यांचे आमंत्रण असते. मांजराच्या वाट्याला मात्र वर्षाचा एकही दिवस आलेला नाही. आला आहे तो आडवे जाण्याचा ठपका आणि डोळे मिटून दूध पिण्याची बदनामी! तरीही मांजर घरोघर आहे. चाळीच्या जिन्यात आहे, वाड्याच्या माळ्यावर आहे, आणि आता तर दहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही आहे. घरातल्या आजोबांशी जे कोणी बोलत नाही त्यांच्या मांडीवर ते जाऊन बसते, आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या अंथरुणात ते न बोलावता शिरते. अशा प्राण्याचे दुखणे हे मग घरातल्याच माणसाचे दुखणे होऊन बसते.

या लेखात विचार करावयाचा आहे तो मांजराच्या अशाच एका चिवट दुखण्याचा. माणसाचे तोंड आले की चार दिवस तिखट वर्ज्य करावे, तोंडाला तूप लावावे आणि पाचव्या दिवशी विसरून जावे. मांजराचे तोंड येते ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे. हिरड्या लालभडक होतात, घशाच्या तोंडाशी मांस वाढल्यासारखे दिसू लागते, लाळ गळते आणि भुकेने कळवळलेले जनावर भरल्या ताटलीपुढून उठून जाते. मालक डॉक्टरकडे धाव घेतो, सुई टोचून आणतो, मांजर दुसऱ्या दिवशी जेवू लागते आणि घरात आनंदीआनंद होतो. महिना-दीड महिन्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! अशा दहा-बारा खेपा झाल्या म्हणजे खिसा रिकामा होतो, मांजर खंगते, आणि घरात हळूच कोणीतरी म्हणते, “आता हे परवडत नाही.”

‘परवडत नाही’ हे शब्द खोटे नसतात. ज्या घरात मुलांची फी, घरभाडे आणि आईची रक्तदाबाची गोळी एकाच पगारातून निघायची आहे, तेथे मांजराच्या दातांवर किती खर्च करावा हा प्रश्न थट्टेचा नाही. परंतु या दुखण्याचा जमाखर्च नीट मांडला तर एक गोष्ट ध्यानात येते. पैसा बहुधा मोठ्या उपचारात बुडत नाही; तो गळतो लहान लहान उपचारांच्या खेपांतून. तेव्हा कमी पैशांत हे दुखणे निभावायचे असेल, तर पहिला रुपया कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मुक्या जनावराची तक्रार

दात दुखला की माणूस घर डोक्यावर घेतो. मांजर तसे करीत नाही. रानात जे जनावर दुबळे दिसते त्याच्यावर शत्रूची नजर जाते, म्हणून दुखणे लपविण्याची विद्या त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे मालकाला कळते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. तरीही पाहणाऱ्याला खुणा दिसतात.

मनी ताटलीपाशी धावत येते, वास घेते, एक घास तोंडात घेते आणि एकदम फिस्कारून मागे सरते, जणू अन्नानेच तिला चावा घेतला! मान एका बाजूला कलती करून खाते. कोरडे दाणे टाळते आणि मऊ तेवढे चाटते. पुढच्या पंजाने तोंड घासते. हनुवटी ओली राहते, पाणी पिण्याच्या वाटीत तांबूस तार दिसते, तोंडाला दुर्गंधी येते. सर्वांत बोलकी खूण म्हणजे तिची कांती. एरवी दिवसाचे कित्येक तास अंग चाटून आरशासारखे स्वच्छ ठेवणारी मांजर अंग चाटणेच सोडते, कारण जीभ हलविली की आग होते. केस राठ होतात, पाठीवर गुंता होतो, आणि घरचे म्हणतात, “वय झाले हो हिचे!”

वयाला बोल लावण्यापूर्वी एकदा तिचा ओठ उचलून पाहावा. ती मांडीवर शांत बसली असताना, तोंड न उघडता, बाजूचा ओठ अंगठ्याने हलकेच वर सरकवावा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. दातालगत लाल रेघ असेल तर हिरड्यांची सूज आहे. ती लाली दाढांच्याही मागे, दोन्ही जबडे जेथे मिळतात त्या कोपऱ्यापर्यंत पसरली असेल आणि तेथे मांस कच्च्या जखमेसारखे दिसत असेल, तर या लेखातले दुखणे असण्याचा संभव मोठा. मात्र निदान डॉक्टरनेच करावयाचे. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तरी तोंडात व्रण पडतात. मांजराचा दात मुळाशी आतल्या आत विरघळत जातो असाही एक वेगळा रोग आहे. आणि म्हाताऱ्या मांजराच्या तोंडात एकाच बाजूला गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. म्हणून खर्चाच्या यादीत पहिला रुपया नीट तपासणीचा. येथे केलेली काटकसर पुढे दसपटीने वसूल होते.

हा रोग आहे तरी काय?

मांजराला तीस दात असतात : पटाशीचे बारा, सुळे चार आणि बाकीच्या चौदा दाढा. प्रत्येक दातावर दररोज जंतूंचा पातळ थर बसतो, तो न निघाला तर त्याचे कीटण होते. बहुतेक मांजरांचे शरीर हा त्रास थोड्याफार सुजेवर भागवून नेते. परंतु काही मांजरांचे संरक्षक सैन्य या थराविरुद्ध असे काही खवळून उठते की शत्रूपेक्षा सैन्याचीच नासधूस अधिक होते. चोर पकडण्यासाठी शिपायांनी गावच पेटवून द्यावे, तसा हा प्रकार. ही आग तोंडाच्या आतल्या साऱ्या अस्तरात पसरते.

सैन्य इतके का खवळते, याचे एकच एक कारण सांगता येत नाही. मांजरांच्या सर्दीला कारण होणारा कॅलिसी नावाचा विषाणू या रोग्यांच्या तोंडात वारंवार सापडतो आणि त्याचा या दुखण्याशी निकटचा संबंध मानला जातो. काही मांजरांत रक्तकर्काचा विषाणू किंवा प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू सोबतीला असतो. पहिल्याचा शोध १९६४ मध्ये ग्लासगोला विल्यम जॅरेट यांनी लावला. दुसरा १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांच्या हाती लागला. घरात लहान मुले आहेत म्हणून धास्तावणाऱ्यांसाठी सांगून टाकतो : या तिन्हींपैकी एकही विषाणू माणसाला रोगी करीत नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. ज्या घरात मांजरे अधिक त्या घरात हे दुखणे अधिक. एकेका वाढत्या मांजरागणिक त्याचा संभव सत्तर टक्क्यांहूनही अधिक वाढतो. आपल्याकडे एक मांजर दाराशी आले की दुसरे आणि दुसऱ्यामागून त्याची पिल्ले येतात, आणि दयाळू गृहिणीच्या हातून कोणालाच ‘हुसक’ म्हणवत नाही. परंतु ज्या घरात एक रोगी आहे त्या घरात नवे मांजर न आणणे आणि असलेल्यांची नसबंदी व लसीकरण उरकून घेणे, हा या रोगावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लसीने झालेला रोग बरा होत नाही, हेही ध्यानात असावे. ती इतरांना सर्दीच्या कडक तडाख्यापासून वाचविते एवढेच.

सुईचा मोह

आता हिशेबाकडे वळू. मांजर खात नाही म्हणून आपण ते डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडची सुई देतात. स्टेरॉइड त्या खवळलेल्या सैन्याला झोपविते. सूज उतरते आणि मनी ताटली चाटून पुसून ठेवते. औषध अंगातून उतरले की सैन्य जागे होते, कारण ज्या दातांवरून भांडण सुरू झाले ते दात जागच्या जागीच असतात.

समजा, एका खेपेला डॉक्टरांची फी, सुई आणि रिक्षा मिळून नऊशे रुपये होतात आणि दर सहा आठवड्यांनी एक खेप होते. वर्षाच्या नऊ खेपा धरल्या तर आठ हजार शंभर रुपये. तीन वर्षांचे चोवीस हजार तीनशे. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून स्वतः गुणाकार करून पाहावा. नऊशे रुपये एकदम जड वाटत नाहीत, म्हणूनच ते कोणी मोजीत नाही. शिवाय खेपांमधले अंतर पुढे पुढे कमी होत जाते. आणि एवढ्यावर भागत नाही. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडने मांजराला मधुमेह होऊ शकतो. तसे झाले की तोंडाच्या खर्चात इन्शुलिनचा खर्च येऊन मिळतो.

याचा अर्थ सुई देणारा डॉक्टर वाईट असा मुळीच नव्हे. उपाशी मांजराला आज जेवते करणे हेही वैद्याचेच काम आहे, आणि पुढे काही मांजरांना स्टेरॉइड थोड्या मात्रेत द्यावेही लागते. प्रश्न एवढाच की सुई ही नदीवरची होडी आहे. तिच्यात बसून पलीकडे जायचे, की जन्मभर होडीतच बसून भाडे भरायचे?

दातच काढायचे?

पलीकडचा किनारा म्हणजे दात काढणे. हे ऐकताच बहुतेकांच्या अंगावर काटा येतो. दात नसलेली मांजर खाणार काय? आपल्या म्हणीत दात असले तर चणे नसतात आणि चणे असले तर दात नसतात. परंतु मांजर चणे खातच नाही. तिच्या दाढा आपल्यासारख्या दळणाऱ्या नसतात, कात्रीच्या पात्यांसारख्या कापणाऱ्या असतात. घास कापायचा आणि गिळायचा, अशी तिची रीत. वाटीत आयते मऊ अन्न मिळणाऱ्या मांजराला कात्रीची फारशी गरज उरत नाही. जखमा भरल्यावर दात नसलेली मांजरे उत्तम खातात. काही तर कोरडे दाणेही गिळून मोकळी होतात. दुखणारे तीस दात असण्यापेक्षा न दुखणारे बोळके कितीतरी सुखाचे!

गुण किती येतो तेही पाहू. २०१५ मध्ये अमेरिकेत दात काढलेल्या ९५ मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २७ पूर्ण बरी झाली, ३७ मांजरांना पुष्कळ आराम पडला, २५ मांजरांना थोडाच गुण आला आणि ६ मांजरांना काहीच आला नाही. म्हणजे तीनांतली दोन मांजरे मार्गाला लागली. मात्र ही ६४ नशीबवान मांजरेही टेबलावरून उतरताच बरी झाली असे नाही. त्यांपैकी ४४ मांजरांना पुढेही काही काळ औषध द्यावे लागले. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, हे येथे शब्दशः खरे आहे.

याच पाहणीतली एक गोष्ट ओढगस्तीच्या मालकाने गाठीला बांधून ठेवावी. केवळ दाढा काढलेल्या मांजरांना आणि सगळेच दात काढलेल्या मांजरांना आलेल्या गुणात फरक आढळला नाही. म्हणून सुळे आणि पटाशीचे दात निरोगी असतील तर आधी फक्त दाढा काढून पाहता येते. शस्त्रक्रिया लहान होते, भूल थोडी लागते, बिलही बेताचे होते. पुढे गरज पडलीच तर उरलेले दात दुसऱ्या खेपेला.

पण एका बाबतीत काटकसर करू नये. दात काढताना मूळ आत तुटून राहिले तर आग विझत नाही, आणि पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च! मांजराच्या दातांची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. म्हणून दात काढल्यावर मुळे निघाली की नाहीत हे एक्स-रे घेऊन पाहणारा डॉक्टर शोधावा. दोन हजार वाचविण्यासाठी दहा हजार पाण्यात घालू नयेत.

कोठे जावे, काय विचारावे

लहान गावात ‘गुरांचा दवाखाना’ असतो आणि तेथला डॉक्टर गाई-म्हशींच्या बाळंतपणात गुंतलेला असतो. तपासणी, वेदनाशामक आणि सल्ला त्याच्याकडे माफक दरात मिळू शकतो. दातांचे बारीक काम बहुधा मोठ्या ठिकाणी करावे लागते. मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याच्या शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने धर्मादाय रुग्णालय. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही सरकारी पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. शिकविण्याची जागा असल्यामुळे तेथले दर खाजगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी असतात. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. एस.टी.त मांजर घेऊन बसण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : मांजराचे दात काढणारा सर्जन कोणत्या वारी असतो आणि दातांच्या एक्स-रेची सोय आहे काय.

डॉक्टरांशी पैशांविषयी बोलायला आपल्याला संकोच वाटतो. हा संकोच महाग पडतो. पहिल्याच भेटीत सरळ सांगावे, “डॉक्टरसाहेब, माझ्यापाशी एवढे पैसे आहेत, यात मांजराचे जास्तीत जास्त भले कसे होईल ते तुम्ही सांगा.” चांगला डॉक्टर या बोलण्याने रागावत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. मग पुढचे प्रश्न विचारावेत. ही चाचणी केली तर तिच्या निकालाने उपचार बदलणार आहे काय? बदलणार नसेल तर ती आज केलीच पाहिजे काय? दाढाच काढून भागेल काय? अंदाजात भूल, एक्स-रे, नंतरची औषधे आणि पुन्हा दाखविण्याची फी धरली आहे काय? खर्चाचा अंदाज लेखी मिळेल काय? म्हाताऱ्या मांजराला भूल देण्यापूर्वीची रक्ततपासणी मात्र टाळू नये. मूत्रपिंडे आणि साखर यांची स्थिती ठाऊक नसताना भूल देणे धोक्याचे.

पैसे उभे करण्याच्या आपल्या जुन्याच युक्त्या येथे कामी येतात. बारा जणींची महिना हजार रुपयांची भिशी असेल तर पहिला नंबर मागून घेतला की बारा हजार एकदम हाती येतात आणि फेड वर्षभर होते. दिवाळीच्या बोनसमधून एक साडी किंवा एक पँट कमी करता येते. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण मनी उपाशी असताना तळे साचण्याची वाट फार दिवस पाहता येत नाही. म्हणून एकरकमी पैसा आधी आणि फेड मागाहून, हीच रीत बरी. शस्त्रक्रियेच्या रकमेवर पाचवा हिस्सा तरी उत्तरखर्चासाठी बाजूला ठेवावा, म्हणजे औषधांच्या वेळी हात आखडत नाही.

तारीख ठरविताना फटाक्यांचा आठवडा टाळावा. आवाजाने घाबरून पलंगाखाली दडलेल्या मांजराला औषध पाजणे हे शूराचे काम आहे, आणि पाडव्याला किंवा भाऊबीजेला काही अडले तर दवाखाना उघडा असेलच असे नाही.

स्वयंपाकघरातली शुश्रूषा

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही खरी लढाई ताटलीपाशी होते. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि ते दुखणे तोंडाच्या दुखण्याहून भयंकर.

महागड्या डब्यांवाचूनही पुष्कळ करता येते. कोंबडीचे मांस बिनमिठाचे उकडून, हाडे काढून, मिक्सरमधून उकडलेल्याच पाण्यात पातळ वाटावे. बांगडा किंवा मांदेली असेल तर तीही उकडून, काटे एक न् एक वेचून. हे वाटण अंगाइतके कोमट करून द्यावे. कोमट अन्नाचा वास पसरतो आणि दुखऱ्या तोंडाच्या मांजराला खाण्याची इच्छा होते. फ्रिजमधले गार अन्न तोंडाला झोंबते. ताटली उथळ असावी, म्हणजे तोंडाच्या कडा घासत नाहीत. दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा पाच-सहा वेळा चार-चार चमचे द्यावे. कांदा आणि लसूण यांचा अंशही नको. ते मांजराच्या रक्ताला विषासारखे आहेत. म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याची सवय सोडावी.

दूधभाताविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. पिढ्यान् पिढ्या आपण मांजराला दूधभात घालीत आलो, आणि बाकीचे ते उंदरांवर भागवून घेत आले. बंद घरातल्या मांजराला उंदीर मिळत नाही. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर हृदय दुबळे होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. शाकाहारी घरांची अडचण मी समजू शकतो. त्यांनी स्वयंपाकघरात मांस शिजवू नये, पण बाजारातले मांजराचे तयार अन्न कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून अवश्य द्यावे. फार दिवस केवळ घरच्या वाटणावर ठेवायचे असेल तर त्यात काय मिसळावे हे डॉक्टरांना विचारावे, कारण नुसत्या मांसातही सर्व काही नसते.

आणखी एक बिनखर्चाचे साधन म्हणजे वही. बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. कापडी पिशवीत मनीला बसवून दर रविवारी तोलावे आणि आकडा लिहून ठेवावा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम घटले तर साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटल्यासारखे आहे. डोळ्यांना ते कळत नाही, काट्याला कळते. वहीत शेजारी किती खाल्ले, लाळ गळली काय, औषध कोणते दिले, हेही असावे. अशी वही घेऊन आलेल्या मालकाला डॉक्टर अर्ध्या वेळात निम्म्या चाचण्यांत उत्तर देऊ शकतो.

उपकारापेक्षा अपकार

घरगुती उपायांचा आपल्याला अभिमान असतो, आणि माणसांच्या बाबतीत तो पुष्कळदा सार्थही असतो. मांजराचे यकृत मात्र निराळ्या घडणीचे आहे. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटॅमॉलची पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. अर्धी किंवा पाव देऊनही चालत नाही. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनाही हात लावू नये. दाढेवर आपण लवंगेचे तेल ठेवतो. मांजराला ते विषारी. माणसांची दातांची पेस्ट मांजर थुंकू शकत नाही, गिळते, तीही नको. वेदनाशामक हवेच, परंतु ते मांजराच्या वजनाच्या हिशेबाने डॉक्टरने लिहून दिलेले. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनीही काही दिवस आराम पडतो, पण त्या थांबल्या की आग परतते. मेडिकलमधून परस्पर आणून त्या चालू ठेवण्यात पैसा आणि औषधाचा प्रभाव दोन्ही वाया जातात.

दात काढूनही ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत. सायक्लोस्पोरिन नावाचे औषध काहींना चांगले लागू पडते, पण ते महाग आहे आणि देखरेखीखालीच द्यावे लागते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मांजराच्या स्वतःच्याच चरबीतून मूळपेशी काढून उपचार करून पाहिले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात सात मांजरांपैकी पाचांना गुण आला होता. वाचून आशा वाटते. आपल्या महिन्याच्या हिशेबात मात्र ते बसणारे नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

जेव्हा काहीच चालत नाही

९५ मांजरांतली ती ६ मांजरे विसरता येत नाहीत. सर्व करूनही काही मांजरांचे दुखणे हटत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक वाट आपल्याकडे फार जुनी आहे : रात्री पोत्यात घालायचे आणि मासळीबाजारापाशी किंवा गावाच्या वेशीबाहेर सोडून यायचे. “तेथे त्याला खायला मिळेल,” असे म्हणून मन समजवायचे. ज्याला वाटीतले मऊ अन्न गिळवत नाही त्याला तेथे काय मिळणार? उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. दुसरी वाट डॉक्टरांशी बसून बोलण्याची. वेदनाशामकावर चांगले दिवस किती जातात आणि वाईट किती, हे वहीत पाहायचे. आणि वाईट दिवसच अधिक होऊ लागले तर त्याला वेदनेविना कायमचे झोपविण्याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. तो निर्णय घेणारा क्रूर नसतो. पैसे संपले म्हणून तो घ्यावा लागला तरी शेजाऱ्यांनी त्याला बोल लावू नये. शेजाऱ्यांच्या खिशातून बिल जात नसते.

परंतु बहुतेक घरांवर ही पाळी येण्याचे कारण नाही. नीट निदान, वेळेवर वेदनाशामक, सुयांच्या खेपांऐवजी एकदाच नीट काढलेल्या दाढा, आणि कोमट वाटणाची ताटली, इतक्यावर तीनांतली दोन मांजरे निभावतात. आपल्याला काय परवडते हे पाकीट उघडून कळत नाही; कागदावर वर्षाचा हिशेब मांडला म्हणजे कळते.

तेव्हा यंदा फराळाचे डबे भरून झाले की पाच मिनिटे काढा. मनी मांडीवर येऊन बसली की तिचा ओठ हलकेच वर करून पाहा. हिरडी गुलाबी असेल तर तिच्या पाठीवरून हात फिरवा. लाल असेल तर वहीचे नवे पान उघडा, वर तारीख घाला आणि खाली पहिला आकडा लिहा : मनीचे आजचे वजन.